पार्किंगमधली अकरा मिनिटं

दाढ दुखते म्हणून गेले, तर डॉक्टर बाई म्हणाल्या,
दाढेला काहीच झालेलं नाही,
तुम्ही रात्री झोपेत दात खाताय.
कुणावर, ते त्यांनी विचारलं नाही.

छोट्या आरशात दाखवले सुळे,
टोकं सपाट, जुन्या वरवंट्यासारखी.
ताण फार घेता का?
म्हटलं, घेत नाही हो, घरपोच येतो.
त्या हसल्या. मीही हसले,
तोंड उघडं ठेवून जमलं तेवढं.

रात्री दातांवर चढवायचं कव्हर, साडेसहा हजार.
पुढच्या महिन्यात बघू, म्हटलं.
पुढच्या महिन्यात सासऱ्यांचा मोतीबिंदू आला,
त्याच्या पुढच्यात कैवल्यच्या क्लासचा हप्ता.
बाईंनी एक फुकटचं सांगितलं होतं:
जीभ खाली सैल सोडा, ओठ मिटा,
दातांना दात लावू नका.

मी वीजबिलांच्या तक्रारींच्या खिडकीत बसते.
काचेला एक गोल भोक आहे,
त्यातून दिवसभर माणसं माझ्यावर येतात.
मीटर मी फिरवलेलं नसतं.
तरी म्हणते, काका, बसा ना जरा.
बसायला तिथे खुर्ची नाही.

शलाका म्हणते प्राणायाम कर,
जाऊबाई म्हणतात पहाटे तळजाईला जा.
ऑफिसात एक तज्ज्ञ येऊन गेले,
स्वतःसाठी वेळ काढा, म्हणाले,
आमच्या जेवणाच्या सुट्टीत.
काढायचा कुठून?
कणकेच्या डब्यात तळाशी असतो का,
हात घालून पाहिलाय मी.

मग एका मंगळवारी
सिंहगड रोडच्या धुरातून धायरीला पोचले,
स्कूटर लावली, किल्ली फिरवली
आणि उतरलेच नाही.
डोक्यात हेल्मेट तसंच.
आत माझाच श्वास ऐकू येत होता,
लग्नात अचानक समोर आलेल्या
शाळेतल्या मैत्रिणीसारखा,
काय बोलावं न सुचलेला.
इंजिन टिक टिक करत निवत होतं.
मीही.

वर गेले तेव्हा अकरा मिनिटं झाली होती.
घर जागेवर होतं.
भात कुणीतरी लावला होता,
पाणी जरा जास्त.

तेव्हापासून रोज.
वॉचमन किसनराव दोन दिवस बघत राहिले,
तिसऱ्या दिवशी आले:
मॅडम, किक मारून देऊ का?
नको, म्हटलं, बंदच राहू दे जरा.
ते मान हलवून गेले,
आणि माझ्या डोक्यावरची ट्यूबलाइट
त्या दिवसापासून साडेसातनंतर लावू लागले.

बी विंगचे टिळेकर
समोरच्या गाडीत बसलेले असतात,
काच वर, सीट मागे, डोळे मिटलेले.
टँकरच्या पैशांवरून आम्ही
सोसायटीच्या मीटिंगमध्ये कडाकडा भांडलोय.
एकदा त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं,
स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली.
मी हेल्मेट हलवलं.
टँकरचा प्रश्न अजून आहे तसाच आहे.

बरं वाटतं का? सांगता येत नाही.
दात अजून खाते मी,
नवरा म्हणतो, आवाज कमी झालाय,
पण त्याची झोपही गाढ आहे.
खिडकीतल्या भोकातून परवा एक जण ओरडत होता
तेव्हा माझी जीभ आपोआप खाली गेली,
एवढं मात्र लक्षात आलं.

काल कैवल्य खाली आला.
आई, तू कधीची आलीयस! बाल्कनीतून दिसते स्कूटर.
फोन चालू होता, असं म्हणणारच होते.
म्हटलं, बसलेय.
का?
बसलेय अशीच.
अजून किती?
चार मिनिटं.
बरं, म्हणाला
आणि मागच्या सीटवर चढला,
तोंड उलट्या दिशेला करून,
दहावीचं ओझं असलेली पाठ माझ्या पाठीला टेकवून.

हुकाला अडकवलेल्या दुधाच्या पिशवीतून
एक एक थेंब फरशीवर पडत होता.
पुसायचं नंतर.