पाण्याची वही

सकाळी सात. भिंतीवरच्या खुणा वाचायच्या:
सत्तेचाळीस फूट तीन इंच, वारा उत्तरेचा.
जेबेझ औथवेटला एवढंच लिहायचा पगार होता.
समासाचा नव्हता.

समासात पेन्सिलीने, बारीक:
'आज दोन पक्षी. डोक्यावर तुरा, गालांवर तांबूस कल्ले.
पाण्यावर उभे राहिले समोरासमोर,
चोचीत शेवाळ, छातीला छाती.
नाव कुणाला विचारू?'
साल एकोणीसशे तेरा.
तसल्याच पिसांच्या टोप्या घालून
शहरातल्या बायका आल्या होत्या उद्घाटनाला.

मी त्याची चौथी वारस. रक्ताची नव्हे, वहीची.
थ्रॉसडेलच्या तलावावर दर दुसऱ्या रविवारी
गळ्यात दुर्बीण अडकवून मोजते:
चांदवे दोनशे अकरा, लालसरी चाळीस,
राखी बगळा एक,
तोही मला मोजून घेतो.

पाहुणे विचारतात, चर्चची घंटा पाण्याखाली वाजते ना?
नाही वाजत. घंटा आधीच विकली,
एकोणीस पौंड, पावती वहीला टाचलेली.
खाली आहेत ते दगडी बांध,
मेंढ्या धुवायचा हौद, अठरा उंबरे,
त्यातला एक जेबेझच्या आईचा.
ती खोऱ्यातून हलली त्या दिवसाची नोंद:
'बारा फूट. ढगाळ.'
समास कोरा.

भिंत बांधणारे मजूर सात वर्षं
वरच्या माळावर पत्र्याच्या वस्तीत राहिले.
त्यांचं नाव वहीत कुठेच नाही.
माळावर गूसबेरीची झुडपं मात्र
अजून सरळ रांगेत उगवतात.

शहात्तरच्या उन्हाळ्यात तळ उघडा पडला.
जेबेझची लेक हेस्टर आली, साठीची, रबरी बुटांत.
भेगाळल्या चिखलातून थेट गेली
ज्या घरात ती कधी राहिलीच नव्हती तिथे.
उंबऱ्यावर थांबून म्हणाली,
'एवढंसं होतं होय स्वयंपाकघर.'
चुलीच्या जागी तुतवारीची पावलं.

मार्चच्या ओल्या रात्री भेक रस्ता ओलांडतात.
मी, दोन बादल्या, आणि शाळेतला ऑस्विन,
ज्याला हातमोजे घालायला आवडत नाही.
एकशे चौसष्ट पोचवले, नऊ चिरडले.
ऑस्विन विचारतो, ह्यांना घाई कसली?
जुन्या तळ्याची, मी म्हणते.
ते आता तीस फूट खाली आहे.
'मग त्यांना सांगायला नको?'

आता कंपनीने यंत्र बसवलंय,
आकडा आपोआप कचेरीत पोचतो.
वहीची गरज नाही असं पत्रही आलं, नम्र.
मी पेन्सिल घेऊन बसले आहे.
पाणी: त्यांना ठाऊक आहे.
समास: ऊद, बहुतेक. दिसला नाही.
नुसती बुडबुड्यांची रेघ, सांडव्याकडे जाणारी.