पासष्ट सेंटिमीटर

मी मोजणीदार. पुलाच्या या टोकाला
घडीच्या खुर्चीवर बसतो, सकाळी सात ते संध्याकाळी पाच.
हातात टकटक वाजणारं यंत्र.
गाडी आली की अंगठा दाबायचा.
काल तीनदा दाबला:
टपालाची गाडी जाताना, टपालाची गाडी येताना,
आणि एकदा उगीच, चालतंय का ते बघायला.

तोबिसे बेटाला पूल हवा म्हणून
लोकांनी एकोणीस वर्षं वाट पाहिली.
खांब उभे राहीपर्यंत शाळा मिटली,
तुळया चढेपर्यंत डॉक्टरची होडी यायची थांबली,
आणि फीत कापली तेव्हा टाळ्यांसाठी
पलीकडच्या गावातून बस भरून माणसं आणली.
बैल गेला आणि झोपा केला.
पण झोपा काय देखणा!
रात्रभर एकूण एक दिवे चालू,
खाली समुद्रात माकुळं उजेडाला जमतात.

किनुयोबाईंचं केस कापायचं दुकान होतं.
बेचाळीस वर्षांच्या पावत्या बिस्किटांच्या डब्यांत:
मिळकतीवरचा, जागेवरचा,
शांपूच्या बाटलीवर आधी तीन टक्के,
मग पाच, मग आठ, मग दहा.
गिऱ्हाईक नसलेल्या एका हिवाळ्यात
त्यांनी मण्यांच्या पाटीवर सगळं मांडलं.
पुलाचा खर्च दगडावर कोरलेला आहेच, लांबीही.
भागाकार केला आणि छत्री घेऊन माझ्यापर्यंत चालत आल्या.
"पासष्ट सेंटिमीटर माझा," म्हणाल्या.

मी म्हटलं, बाई, कर असा एका जागी जात नाही.
थोडा शाळेत जातो, थोडा दवाखान्यात...
"ते बंद केलंत ना?
मग उरलंय ते इथेच."

सातव्या दिव्याजवळची जागा त्यांनी निवडली. वारा चांगला.
जेमतेम तीन वीत कठडा,
रोज फडक्याने पुसायच्या,
तार बांधून चार माकुळं वाळत घालायच्या.
पाचवं बसत नव्हतं. शेजारच्या कठड्याला हात लावायच्या नाहीत.
"तो कुणाचा तरी असेल."

कार्यालयाने फलक पाठवला:
पुलावर काहीही वाळत घालू नये.
पोलादी, गंज न लागणारा, दोन माणसं आणि एक क्रेन.
किनुयोबाईंनी किंमत विचारली, मणी सरकवले.
"अडीच सेंटिमीटरचा फलक," म्हणाल्या.
मग माझ्याकडे पाहिलं. "तुला रोज काय मिळतं?"
मी सांगितलं.
मणी दोनदाच वाजले.
"तू दिवसाला एक मिलिमीटर."
त्यात राग नव्हता. मापं घ्यावीत तसं बोलल्या.

त्या वर्षी माझा अंगठा दुखला.
एकतीस ट्रक. सगळे रिकामे आले, भरून गेले,
कपाटं, गाद्या, देवघरं दोरांनी बांधलेली.
अहवालात छापून आलं:
पुलावरील वाहतुकीत लक्षणीय वाढ.
छापील अर्जात प्रवासाचं कारण विचारतात,
व्यापार, पर्यटन, उपचार.
चौथी चौकट नाही.

बत्तिसावा ट्रक त्यांच्या मुलाचा.
सामान चढत होतं तेवढ्यात
त्यांनी माझी खुर्ची उचलली, सातव्या दिव्याजवळ नेली,
पाय नीट आत घेतले. बसली बरोबर.
पिशवीतून कात्री निघाली.
"बस. वाढलेत फार."
समुद्राच्या वाऱ्यात डोकं खाली घालून मी बसलो,
कात्री कानामागे कुरकुरत राहिली,
केस पडायच्या आधीच उडत होते.
पाचशे येनचं नाणं दिलं. त्यांनी ते ओच्यात टाकलं.
पावतीपुस्तक पिशवीत वरच दिसत होतं,
त्यांनी पिशवी बंद केली.

ट्रक माझ्यासमोरून गेला.
मानेवर बारीक केस टोचत होते.
त्या दिवशीच्या रकान्यात मी फक्त
टपालाची गाडी लिहिली.