वासी उत्तरायणानंतर

दांडिया बाजारात आमचं तराजू दुरुस्तीचं दुकान होतं.
आता नाही. वाण्याचा एक काटा तेवढा घरी राहिलाय,
त्यावर मी पिल्लं तोलतो, रोज, दूध येण्याआधी.
तांबडा दोरा : चारशे दहा. हिरवा : तीनशे नव्वद.
पिवळा : तीनशे पाच. कालही तीनशे पाच.
त्याला रेवाच्या मागच्या, भरल्या आचळाशी लावतो
आणि बाकीच्यांना हाताने अडवतो.

रेवाचे पहिले माज सोडून दिले, तेव्हा लोक म्हणाले,
सोन्याची खाण नुसती बांधून ठेवलीत.
आणंदला नेऊन तिच्या खुब्यांचे एक्सरे काढले.
नराचेही कागद मागितले. त्याचा मालक हसला :
काका, लग्न जमवताय की काय?
हो, म्हटलं. पत्रिकेपेक्षा एक्सरे बरा.

पाचव्या आठवड्यात मांजलपूरचे एक साहेब आले,
पोरीचा वाढदिवस. "आजे ज आपी दो ने, काका. डबल."
पाकिटाला रबरबँड होतं, ते तांबड्याने चावलं.
म्हटलं, चावण्याचं माप अजून शिकतोय तो.
भाऊ किंचाळला की सोडायचं,
एवढं तरी आईकडून येऊ द्या.
ते गेले. फाटक उघडंच.

आमची शाळा अशी :
मिक्सर आधी लांबून, मग जवळून.
स्टीलचं ताट पाडायचं आणि आपण दचकायचं नाही.
गोणपाट, वाळू, ओली फरशी, मेहतांचा जिना.
रोज दहा मिनिटं एकेकट्याने. एकटेपणसुद्धा
चमच्याने भरवावं लागतं, एकदम वाढलं तर बाधतं.

घरं ठरली होती, तरी म्हटलं, उत्तरायण होऊ दे.
चौदा तारखेला गच्च्यागच्च्यांवर भोंगे, काप्यो छे!
पिल्लं कपाटाखाली. रेवा पंख्याखाली पसरलेली.
तिच्याकडे बघत एकेक बाहेर आलं.
अंगणातला मांजा मी पहाटेच वेचला होता,
तरी पिवळ्याला वीतभर सापडला.
त्याच्या तोंडातून काढताना माझं बोट कापलं.

मग गाड्या आल्या. प्रत्येकाबरोबर लशीचं कार्ड,
चार दिवसांचं खाणं, रेवाखाली अंथरलेल्या
माझ्या जुन्या धोतराचा तुकडा,
आणि एक कागद : नाहीच जमलं तर इथेच परत.
वर्षांनी आणलंत तरी. का, ते विचारणार नाही.
(विचारेन. पण आधी पाणी देईन.)

पिवळ्याच्या छातीत डॉक्टरांना कुरकुर ऐकू आली.
शिरगोपीकरबाईंना मीच फोन करून सांगितलं.
विचार करते, म्हणाल्या. अजून करताहेत.
नराच्या मालकालाही कळवलं.
या वेळी तो हसला नाही.

रेवा दोन दिवस खोक्यात डोकावून येत होती.
आज काटा पुसून माळ्यावर टाकणार होतो,
तर पिवळा आपणहून परातीत जाऊन बसला.
तीन किलो आठशे.
वही शोधली. लिहिलं.