चार पॉइंट तीन

हेल्काचं म्हणणं एवढंच होतं:
मिर्काला पांढरी टोपी मिळेल त्या दिवशी
तिचं लहानपण पडद्यावर दाखवू,
पण त्यात रेइयो नको.
बेकरीच्या पिशवीतून तीन टेपा आणल्या,
टेबलावर ठेवल्या, कॉफीलाही थांबली नाही.

केमीतला मार्च. खाडी अजून गोठलेली.
माझ्याकडे चाळीस जीबीची डिस्क,
तिच्यात कराचे कागद
आणि स्कीच्या शर्यतींचे फोटो,
जे मी बघत नाही आणि पुसतही नाही.
तासाभराच्या टेपेला तेरा जीबी लागतात.
एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत आहे मी,
रीळ केवढं, कात्रण किती, नासाडी किती,
हे मला झोपेतही सांगता येतं.
म्हटलं, एक टेप आत घ्यायची,
कापायची, दाबून लहान करायची,
मूळ पुसायचं, मग दुसरी.
स्कीचे फोटो गेले त्याच रात्री.

रेइयो चित्रात फारसा नव्हताच.
तिन्ही टेपांत मिळून नऊ मिनिटं:
बर्फाला भोक पाडताना,
मासा साफ करताना,
एकदा तोंड उघडं टाकून झोपलेला.
कापला.
मोकळी जागा पाहिली, तर होती तेवढीच.
इथली कात्री कापत नाही,
नुसतं डोळ्यांआड करते.
खाली मूळ फाईल अखंड,
तेरा जीबी, रेइयोसकट.
आणि त्याच्यावाचूनचा व्हिडिओ बनवायचा
तर त्याला वेगळी जागा द्यावी लागते.
म्हणजे माणूस असताना जेवढी जागा अडवतो
त्याच्या वर आणखी
तो नसण्याला लागते.
हे हेल्काला सांगितलं नाही.
तिच्या गॅरेजची अर्धी बाजू
सहा वर्षं रिकामी आहे, झाडून ठेवलेली.

दुसऱ्या टेपेत खरी अडचण कळली.
कॅमेरा त्याच्याच हातात होता.
वाऱ्यासोबत त्याचा श्वास,
"मिर्का, इकडे", "हळू, हळू गं",
तळ्याकाठच्या वाळूवर
रात्री दहाच्या उन्हातली लांबलचक सावली,
एक कोपर वर केलेलं.
आवाज बंद करून पाहिला,
तर पोरीचं हसूही गेलं.
ती हसत होती त्याच्याकडे बघून.
आता हे कुठून कापायचं?

डबीवर लिहिलंय चार पॉइंट सात,
संगणक म्हणतो चार पॉइंट तीन.
कोण खोटं बोलतं, विचारू नये.
शिवाय जाळण्याआधी तो सगळी तबकडी
एकदा स्वतःपाशी रचून बघतो,
त्यालाही तेवढीच मोकळी जागा हवी.
रात्रपाळीला जाताना लावून गेलो.
सकाळी बूट काढायच्या आधी पाहिलं:
सदतीस टक्के. जागा अपुरी.
कचऱ्याची टोपली रिकामी करायला विसरलो होतो.
पुसलेलं सगळं तिथेच बसलेलं,
स्टेशनावर गाडी चुकलेल्या माणसांसारखं.

तीन तबकड्या फुकट गेल्या. चौथी चालली.

समारंभाला पंचवीस माणसं होती, सामन माशाचा केक होता.
पडद्यावर सात वर्षांची मिर्का
थेट आमच्याकडे बघून म्हणाली,
"बाबा, झालं का?"
हे मी ठेवलं होतं.
विसरलो म्हणालो असतो, कुणी विचारलं असतं तर.
हेल्का उठली, केकची सुरी धुवायला गेली,
बराच वेळ नळ चालू होता.

जुलैत फुकट गेलेल्या तबकड्या
लाल बेरीच्या झुडपांना टांगल्या, पाखरं यायला नकोत म्हणून.
मिर्का सायकलवरून आली,
मधली सोडवली, पाठीवरच्या पिशवीत टाकली.
"चालत नाही गं ती," मी म्हणालो.
"माहीत आहे," म्हणाली.

त्या झुडपाच्या बेऱ्या
आठवड्यात कस्तूर पक्ष्यांनी संपवल्या.