ही जाहिरात तुम्हाला का दिसते

सोड्यांच्या जाहिरातीवर काल लाल पट्टी आली:
खाते स्थगित, धोरणाचा भंग.
कुठलं धोरण, ते सांगितलेलं नाही.
पाचशे रुपये भरले होते, पाव किलोच्या पाकिटांसाठी.
फोटोत मागे वाळत घातलेलं जाळं दिसत होतं,
एवढंच.

आचऱ्याच्या बंदरावर रेंज मिळते
ती बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीपाशी.
तिथे उभी राहून दाद मागितली. अर्जात रकाना:
तुमचा व्यवसाय थोडक्यात लिहा.
लिहिलं, कोळंबी सोलते, सुकवते, वजनात मारत नाही.
उत्तर लगेच आलं, म्हणजे माणसाचं नव्हतं.

हेमलता पराडकरीण हसली,
"गो, बाजाराक चल टोपली घेऊन,
थंय कोण खातां बंद करतलो?"

पण ह्याच फोनवर रोज दिवेलागणीला
दहा एचपीचं इंजिन येतं, नवंकोरं, हप्त्यावर.
कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले, विचारलं,
हे मलाच का?
तर म्हणे, आपण पूर्वी यात रस दाखवला होता.

रस.
ह्यांनी रात्र रात्र जागून भाव बघितले होते,
अंगठ्याला माशाचा वास तसाच,
गेल्या शिमग्यापर्यंत.

जाहिरात लपवायची तर कारण निवडा:
माझा संबंध नाही. फार वेळा दिसते. आक्षेपार्ह आहे.
होडी हर्णैला विकली,
हे त्यात नाही.

मी बोट मागे घेते.
पडद्यावर पंखा फिरत राहतो,
पाण्यावाचून.