पाव फेरा

विकायचीच म्हणून नेली होती गिटार.
नारायण पेठ, झेरॉक्सच्या वरचा माळा,
जिना इतका अरुंद की केस आडवी मावेना.
तापलेलं पोर न्यावं तशी छातीशी उभी धरून चढलो.

दिलावर मूळचा मिरजेचा.
भिंतीशी गवसणीतले तीन तंबोरे,
दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या बायकांसारखे.
म्हणाला, "विकायच्या आधी बगू तरी."
एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली थेट खिडकीपर्यंत.
"वाकलीय. कुठं ठेवता, कपाटावर?"
कपाटावर.
त्यानं चावी लावली, पाव फेरा दिला
आणि खाली ओरडून चहा सांगितला.
"आता लाकडाला जरा विचार करू द्या."

भोसरीत मी गिअरचे दात मोजतो,
शतांश मिलिमीटरवर माझी भाकरी.
खिशात फीलर गेज होताच, दिला काढून.
पातं तारेखाली सरकवून तो हसला,
"हे बरं हाय. वडील नखानं मोजायचे."

बाराव्या पडद्यावर (फ्रेटला तो पडदाच म्हणतो)
मोकळी तार आणि दाबलेली तार
एकमेकींना ओळख देत नव्हत्या.
इवल्या घोड्या मागे सारत सारत
त्यानं त्यांचं बोलणं सुरू करून दिलं.
पिकअप दोन आटे खाली.
"चुंबक तारेला ओढतंय. श्वास घेऊ देत न्हाई तिला."

"बारा वर्षं बापाकडं जवारी काढायला शिकलो.
तार घोडीला चाटून गेली पायजे, गुणगुणली पायजे.
इथं पोरं येतात. काका, बझ घालवा.
जे आणायला शिकलो
ते घालवून पोट भरतो बगा."

रविवारी स्कूटरवर पायाशी अ‍ॅम्प घेऊन गेलो.
जाळीच्या कापडाला कान लावून तो थोडा वेळ गप्प.
"गिटारीचं झालं. हिचं तोंडच बरं न्हाई."

मग तपकीर गल्ली.
फिदाअलीभाई वॅट सांगूच देत नाहीत:
"बारा इंची, आठ ओहम, समजलं. कागद कसला हवा?"
एक नवा, भलामोठा चुंबक, लख्ख,
भांड्यांच्या दुकानात उभं असल्यासारखा वाजला.
दुसरा कुठल्याशा बंद टॉकीजचा, कोन बदललेला.
बोटाच्या पेरानं टकटक केलं त्यांनी,
कलिंगड बघतात तसं.
"वरचे सूर याला झेपत नाहीत,"
असं म्हणून किंमत कमी केली.
मला नेमकं तेच हवं होतं. बोललो नाही.

धायरी, रात्री साडेनऊ, आवाज दोनवर.
ओट्यापाशी मृदुला हात पुसत थांबली.
"इतकी वर्षं घरात माशी होती.
आज कुणीतरी बोललं."
मग तिलाही कळलं आणि मलाही,
की दुसऱ्या कॉर्डवर माझी करंगळी
वीस वर्षं उशिरा पोचतेय.
आता लपायला गोंगाट उरला नाही.

महिन्यानं ध्यानात आलं:
सहावी तार, तिसरा पडदा,
सोडताना किंचित गुणगुण.
गेज काढला. पाच तारा जिथल्या तिथे.
सहावी पाच शतांशांनी खाली.
मी चुकांवरच जगतो.
इतकी नेमकी चूक कुणाच्या हातून होत नसते.

तक्रार घेऊन तो जिना पुन्हा चढलो.
दिलावर तंबोऱ्यावर ओणवा,
तारेखाली सूत केसभर पुढे, केसभर मागे,
आणि खोलीभर ते, ज्याला माझ्याकडे माप नाही.
दारात उभा राहिलो. त्यानं मान वर केली नाही.
"तेवढी ऱ्हाऊ द्या," म्हणाला.

केस उभी धरून उतरलो.
झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "विकली नाही होय?"