एकशे चौदा पावलं

पिंगपाँगचा चेंडू चेपला की
रिम्मा अर्काद्येव्ना तो उकळत्या पाण्यात सोडते.
टप्. पोचा बाहेर.
सेव्काला वाटतं जादू. आजी म्हणते, हवा.

पण पाणी तापेपर्यंतची चार मिनिटं तिची.
ती खळग्याच्या कडेवरून बोट फिरवते:
यावर मुंगी असती, तर तिला कळलंही नसतं.
इथून तिथवर चालायला जेवढं आधी, तेवढंच आता.
मोजमाप शाबूत. आकार गेला.

खिडकीबाहेर उणे एकतीस.
बर्चच्या रांगेपलीकडे ग्लेबचं, भावाचं दार.
एकशे चौदा पावलं.
आईच्या दाचाची वाटणी व्हायच्या आधीही
एकशे चौदाच होती.

गोल पृष्ठ. नितळ, सगळीकडून फुगीर.
ताणायचं नाही, फाडायचं नाही.
वाकेल?
गणित म्हणतं, नाही.
मोडेन पण वाकणार नाही म्हणणाऱ्यांतलं हे,
फक्त मोडतही नाही.

पण नितळपणा जरासा सोडा,
स्पर्शप्रतल राहू द्या, वक्रता जाऊ द्या,
की सुरकुतीवर सुरकुती, तिच्यावर आणखी बारीक,
बोटाला लागू नये इतकी,
आणि अख्खी पृथ्वी कोटाच्या खिशात,
एकही रस्ता आखूड न होता.

मग ताठपणा सुरू कुठे होतो?
एकदा अवकलन आणि दोनदा अवकलन, यांच्या मधे कुठेतरी.
त्या फटीत ती चाळीस वर्षं उभी आहे.
लोकांनी दोन्हीकडून भिंती सरकवल्या, इंच इंच.
फट आहेच.

परवा अर्झाननं, अल्ताईच्या त्या अबोल पोरानं,
फळ्यापाशी उलटंच विचारलं:
जे हलतच नाही, ते नितळ असतंच का?
की खडबडीत असूनही कुणी नुसतं अडकून बसतं?
फुगीर असेल तर नितळच निघतं, ती म्हणाली.
आणि नसेल तर?
तिनं खडू खाली ठेवला.
माहीत नाही म्हणायची लाज
तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

टप्.
चिमट्यानं चेंडू काढते, पुसते.
पूर्ण गोल. फक्त कडेच्या जागी
एक पांढुरकी रेघ राहिली आहे, केसाएवढी.

सेव्का बूट चढवतोय. टेबल ग्लेबआजोबांच्या तळघरात आहे.
"किती लांब आहे माहितेय ना?" ती उगाच विचारते,
"एकशे चौदा."
"छे," तो टोपीचे कान बांधत म्हणतो,
"माझी दोनशे तीन होतात.
तू कधी मोजलीस?"